पिना बघा, रफिकभाई

हसू नका, पण जुनी कॉमिक्स मी मुद्दाम फाटकी मागवते. वर्षातून एकदा भेटतो आपण कॉमिक्सवाले, तर काहून ते सांगूनच टाकते.

अकोल्याचे रफिकभाई ऑनलाइन जुनी कॉमिक्स विकतात. त्यांची एक रीत हाय. पार्सल बांधायच्या आधी ते फोन करतात अन् एकेक पान उलटून दोष सांगतात. "ताई, कोपरा दुमडलाय. पिना गंजल्या. अकराव्या पानावर चहाचा डाग हाय." मगच ते दर्जा ठरवतात. चांगल्या प्रतीचा फोन मिनिटात संपतो, खराब प्रतीचा अर्धा तास चालतो. अन् बाळापुरात माझं शिलाईचं दुकान बंद झालं की सकाळपर्यंत मला हाक मारणारं कोणी नसतं.

परवा त्यांचा फोन आला. "ताई, नशीब तुमचं. एकदम कोरी प्रत निघाली."

"पिना बघा."

"चमकून राहिल्या."

"कोपरे?"

"बराबर हायेत."

"आतली पानं नीट बघितली का?"

"सगळी बघितली. एक बी दोष न्हाई. बांधू का?"

"नको," मी म्हणलं. "खराब आली की सांगा."

मला वाटलं, त्यांनी रागानं फोन ठेवला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा ताई, चष्मा लावून बसतो. पहिल्या पानापासून परत पाहू. काही ना काही निघंलच."