जिन बंद झाल्यावरचा आवाज

माहेर माझं भडगावजवळ, गिरनेच्या काठाला, आनि दिलं मला चोपड्याला. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, शाळा मी पाहिली ती बाहेरूनच. नवरा जिनात हमाल होता, मग मी बी जिनातच लागले. जिन म्हंजे ताई, कापसातून सरकी काढायचा कारखाना. मशीनांच्या रांगा, आम्ही बाया त्यांच्या तोंडात कापूस टाकायच्या, आनि तो आवाज, काय सांगू तुम्हाला, आवाज नव्हेच तो, जमीन थरथरायची, पोटातलं पानी हलायचं. शेजारनीला काही सांगायचं तर हातवारे करायचे, सासवांच्या नकला बी करायचो आम्ही, बठ्ठं, म्हंजे सगळं, मुक्यानं. कानात रुईचे, म्हंजे सरकी काढलेल्या कापसाचे, बोळे घालायचे ही तठली रीतच होती, रुईचे तर डोंगर पडलेले.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात हंगाम संपला, जिनाला कुलूप लागलं, गल्लीत नुकता कोनाकडे तरी रंगीत टीव्ही आला होता तेव्हाची गोष्ट, मी घरी भाकरी थापत बसले आनि कानात किर्रर्र. मला वाटलं रातकिडा शिरला घरात, चूल झाडली, फडताळ झाडलं, काही नाही. अंगनात गेले तर तो संगं अंगनात, न्हानीत गेले तर न्हानीत. मग मी आमच्या घरधन्याला म्हटलं, अहो, जरा तुमचा कान लावा बरं माझ्या कानाला, काही वाजतंय का पाहा. भर दिवसा, दारात, शेजारीन पाहते तरी त्या मानसानं कान लावला, आनि म्हने काहीच नाही. मी थक्क झाले ताई. कानाला कान चिकटलेला, माझ्या डोक्यात अख्खा जिन चालू, आनि या मानसाला सुई पडल्याइतकं बी ऐकू येत नाही. हे कसं केलं असंल देवानं? भीती बी वाटली, पन आधी नवलच वाटलं.

नवल दोन-चार दिवस टिकलं, मग जीव जायला लागला. गल्लीतल्या बायांनी लसूण तेलात कढवून कानात घालायला सांगितला, घातला, कान भाजला नुसता. मग जळगावला कानाच्या डॉक्टरकडे नेलं घरधन्यानं. डॉक्टर रागावला, म्हने कानात थेंबभर बी काही टाकायचं नाही, आतली नस मशीनच्या आवाजानं थकली, ती पुन्हा नवी करायचं औषध माझ्याजवळ नाही, मशीनवर असाल तेव्हा कान झाका. भला मानूस, खरं तेच बोलला. पन मी काय केलं, मशीन बंद होतं तरी कान झाकूनच बसले. आम्हा जिनातल्या बायांचा रुईवर फार विश्वास. घरी बोळे, बाजारात बोळे, निजताना बोळे, वरून पदर आवळलेला. बाहेरचं बठ्ठं बंद झालं आनि आत तो एकटाच राहिला, मग काय, त्याचंच राज्य. पोरं हाका मारून थकायची, मी खेकसायची, भाकरी करपायच्या. मनात एकच, ताई, आता मी वेडी होनार, आनि माझ्या पोरांना लोक येडीची पोरं म्हननार.

तेवढ्यात आखाजी, म्हंजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गानी म्हनतात. आई गेल्यापासून अक्काचं घर तेच माझं माहेर. अक्का म्हंजे थोरली बहीन, तापीकाठी दिलेली, घरची केळी. झोक्यावर बठ्ठ्या बाया गात होत्या आनि मी कानात बोळे घालून भिंतीला टेकून बसले होते. गान्यात मीच पुढं असायची हो आधी! अक्कानं ते पाहिलं. सकाळी म्हने चल वावरात, आनि मोटारीचं पानी पडतं त्या हौदाजवळ मला बसवलं आनि तिनंच माझ्या कानातले बोळे ओढून काढले. म्हने, तू कान कोंडी ठेवस, म्हनीसन तो वाजस, आते बठ अठे गुमान, म्हंजे कान कोंडतेस म्हनून तो वाजतो, आता बस इथं मुकाट. अक्का म्हंजे हुकूम.

बसले. हौदात पान्याची धार पडत होती, केळीची फाटकी पानं वाऱ्यानं फडफडत होती. मी त्या किर्रर्रची वाट पाहत बसले, आनि ताई, तो सापडेना! पान्यात कुठं तरी बुडून गेला होता. मी हात जोडले, कोनाला जोडले ते बी मला माहीत नाही, डोळ्यांतून घळाघळा पानी. आनि नेमकी तेव्हाच लाइट गेली. मोटार बंद, धार बंद. मला वाटलं, आता येतो तो पुन्हा. आला बी. पन ताई, लहान होऊन आला! शेजारी पानं वाजत होती, पलीकडच्या बांधावर बैलाच्या गळ्यात घुंगरू, कुठं तरी होला घुमत होता, एक बाई पोराला शिव्या देत होती, आनि त्या बठ्ठ्यांमध्ये हा एक बारीकसा. एवढं मोठं जग वाजत होतं आनि मी ते बंद करून बसले होते. अक्काला म्हटलं, अगं, तो शे अजून, आहे तो, पन लहान झाला. अक्का म्हने, मंग लहानच ऱ्हाऊ दे त्याले.

पुढच्या हंगामात मुकादमाला विनवून मी मशीन सोडलं, मागच्या अंगनात कापूस निवडायला गेले. मशीनजवळून जावं लागलं तरच बोळे, घरी नाही.

आता ते काम बी सुटलं, सुना आल्या. आवाज गेला का म्हनाल तर गेला नाही, खोटं कशाला सांगू. जागरन झालं, चिडचिड झाली, चहा जास्त झाला की अंगावर येतो. मग मी सावकाश श्वास घेते, मारुतीपर्यंत चालून येते, निजताना पंखा लावते, त्याची कुरकुर मला बरी वाटते. कोन्या पोरीचा कान वाजला तर आधी डॉक्टरकडे जा म्हनते, आनि कान कोंडून बसू नको म्हनते. देव तुमचे कान सांभाळो ताई, तुमच्या लेकराबाळांचे सांभाळो. आता तुमच्याशी बोलते तरी तो चालूच शे आत. असू द्या. तो शे, तशी मी बी शे.