कारणाचा रकाना

‘तिचं लग्न झालंय हो सर, तिच्यावर कशाला वेळ घालवायचा, सहा महिन्यांत घरी बसेल’ — हेच शब्द होते ना, मॅडम? एखादा इकडेतिकडे झाला असेल तर सांगा. नाही, मला कुणी येऊन चुगली केली नाही. परवा विद्यार्थी सहाय्य केंद्राच्या फिल्मसाठी तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोललात — ‘प्रत्येक विद्यार्थ्याच्या अडचणीत आम्ही सोबत आहोत’, तीन टेक झाले, तिसरा त्यातल्या त्यात बरा — आणि कॉलरचा वायरलेस माइक न काढताच उठून सरांच्या खोलीत गेलात. हेडफोन माझ्या कानांवर होते. आवाज मीच घेत होते ना. खरं सांगू, आधी वाईट नाही वाटलं — हात आपोआप बटणाकडे गेला, आवाज थोडा वाढवला. भिंतीपलीकडूनही स्वच्छ येत होता. माइक चांगले आहेत विभागाचे.

बसते, पण पाणी नको. सर, तुम्हीही थांबा. त्या वाक्यावर तुम्ही हसलात, तेही ऐकू आलं.

अर्ज समोरच आहे तुमच्या. आठवडाभर आहे, त्यावर चहाच्या कपाचा गोलसुद्धा उमटलाय. पदवीला एकशे साठ तासांचा कामाचा अनुभव लागतो, वर्तमानपत्रात माझे एकशे चोवीस भरले. छत्तीस कमी पडले — लग्नाच्या सुट्टीत गेले, कबूल. पण विभागाच्या स्टुडिओतलं काम सल्लागाराच्या, म्हणजे तुमच्या, सहीनं धरता येतं, हा नियम तुमच्याच दाराबाहेर चिकटवलाय. आणि तुमची ही फिल्म — शूटिंग, आवाज, एडिटिंग — एकेचाळीस तास केलंय मी. वहीत नोंद आहे, स्टुडिओच्या काकांची रोजची सही आहे. आमच्या वर्गातल्या लंबूनं क्रिकेटचे सामने शूट केले, त्याचे तास तुम्ही उभ्या उभ्या धरलेत. मी विचारलं तर म्हणालात, ‘तुला आता नवऱ्याचा आधार आहे, घाई काय?’ आधार — आहे की. नवरा चांगला आहे माझा, म्हणजे आवाज चढवत नाही. आधी आईचं ऐकतो, मग माझं, या क्रमानं. आणि सासूबाईंचं म्हणाल तर त्यांनी लग्नाआधीच विचारलं होतं, अजून किती दिवस कॉलेज? मी म्हटलं, एवढंच सत्र, सहा महिने, त्यात झालं तर झालं, नाहीतर पुन्हा विषय काढणार नाही. मीच म्हटलं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती — जाऊ दे, हे सांगायला नव्हते आले मी इथं. पण तुमचा नि माझा आकडा एकच निघाला, म्हणून जास्त लागलं असेल. आज पाचला अर्जाची मुदत संपते. संपली, की तुम्ही बोललात ते खरं होईल, आणि त्यासाठी तुम्हाला काही करावंही लागणार नाही. नुसतं त्या कागदावर कप ठेवत राहायचं.

बॅगेकडे काय बघताय? रेकॉर्डिंग नाही त्यात. पुसलं मी, कालच. दुसऱ्या वर्षाला तुम्हीच शिकवलंत — माइक चालू आहे हे ज्याला माहीत नाही, त्याचं बोलणं वापरायचं नाही. त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला होते, तुम्हीच दिलेले. तुम्ही विसरला असाल — मुलगी गप्प बसणारी असली की कोण लक्षात ठेवतं. मी मात्र तो धडा लक्षात ठेवला. आता कुठे हायसं वाटलेलं दिसतंय तुम्हाला. सरांनीही पाय लांब केले.

पण मी ऐकलं ते कसं पुसू? सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून ठरवत होते आत जाऊन काय बोलायचं — रडायचं नाही, एवढंच ठरलं. बाकीचं आता सुचतंय. घ्या, पेन माझंच घ्या. खाली दोन जागा आहेत. एक ‘मान्य’, तिथं सही. दुसरी ‘अमान्य’, आणि तिच्यापुढे कारणाचा रकाना. सही करायची नसेल तर नका करू, मॅडम. त्या रकान्यात परवाचं वाक्य लिहा, ‘हो सर’सकट, आणि खाली तारीख घाला. शेजारी सरांचीही सही घ्या, ते हसले होते.