बरणीतली पिल्लं

बागेत एका ताईंबरोबर मुलांचा किडे बघायचा कार्यक्रम चालला होता. कुंपणामागे वाफे भिजवणाऱ्या माळिणीच्या कानावर एका बापलेकीचं बोलणं पडलं.

"बाबा, डोळे उघड ना! साधा कोळी तर आहे."

"बरणी धरलीय ना मी? तेवढं पुरे."

"बरणी किती हलवतोयस! ती घाबरेल."

"ती?"

"आई आहे ती. पाठीवर पिल्लं आहेत तिच्या."

"काय सांगतेस! किती?"

"मोजताच येईनात. तूच बघ."

"एकच डोळा किलकिला करतो हं."

पुढचं नीट ऐकू यावं म्हणून माळिणीने नळ बंद केला.

"अरेच्चा! केवढीशी आहेत गं!"

"बाबा, ताई सोडायला सांगतायत तिला. दे बरणी."

"थांब जरा. एकोणीस मोजून झाली, आणि हे एक पायावरून घसरलंय. ते वर चढू दे आधी."