अर्धी सांधणी

(सायराबी, विणकर. आता मुक्काम लातूर. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.)

आमचं गाव औसा आन् निलंग्याच्या मधात. नाव न्हाई सांगत, कारण ज्या गावाचं सांगून राहिली ते गाव आता न्हाईच, त्या नावाचं दुसरं हाय, त्यात माझं काही न्हाई. माझं माहेर निलंग्याकडलं, बाप विणकर, आजा विणकर, म्हून दिलं बी विणकराच्याच घरी. आम्ही मोमीन. सासरच्या गल्लीत अर्धी घरं मोमिनांची, अर्धी साळ्यांची, पण समदं गाव तिला मागाची गल्लीच म्हणायचं. सकाळी गल्लीत पाय टाकला की मागावरच्या धोट्याचा आवाज, ह्या घरात थांबला की त्या घरात सुरू. लुगडी विणायचो, जाडीभरडी, शेतात नेसायची. शहरातल्या बायांनी हात बी लावला नसता, पण नेसणारीनं फाडून दाखवावं.

लोकांना वाटतंय माग म्हंजे एक माणूस खड्ड्यात पाय सोडून बसला आन् विणलं. तसं न्हाई बाई. मागावर एकजण बसतो पण त्याच्या पाठी सारी गल्ली लागते. आता उभ्या सुताला खळ लावायची, खळ म्हंजे ज्वारीच्या पिठाची पेज, तिच्यानं सूत कडक होतं, तर एवढं लांबच लांब सूत घरात कुठं मावंल, ते गल्लीत ताणायचं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी टोक धरायचं, कुणी कुंचा ओढायचा, उन्हं चढायच्या आत समदं झालं पाहिजे. ह्याला पांजण म्हणतात. आज माझी पांजण तर उद्या तुझी. भांडण असलं तरी यायचंच, बोलायचं न्हाई पण टोक धरायचं. माझी सासू आन् समोरची म्हातारी, दोघींचा उभा दावा, तोंड बघायच्या न्हाईत एकमेकीचं, पण पांजणीला दोन टोकांना दोघी उभ्या, आन् सूत असं ताणलेलं की वर चिमणी बसावी.

आन् पांजणीनंतर सांधणी. हे नीट ऐका, कारण माझं समदं ह्याच्यातच अडकून पडलंय. एक लुगडं विणून झालं की कापून काढतात, पण मागावरचं समदं सूत काढत न्हाईत. वीतभर जुनं सूत फणीत तसंच ठेवायचं. फणी म्हंजे कंगव्यासारखीच असते, दोन दातांच्या मधातनं सूत जातं. तर नव्या सुताचा एकेक धागा ह्या जुन्याच्या एकेक धाग्याला जोडायचा, त्याला म्हणायचं सांधणी. गाठ न्हाई मारायची, गाठ फणीत अडकते, बोटाला चुलीतली राख लावून नुसता पीळ द्यायचा. मग जुन्याच्या मागं मागं नवं सूत आपलं आपण फणीतनं येतं. म्हंजे बगा, माझ्या हातचं सूत सासूच्या सुताला जोडलेलं, सासूचं तिच्या सासूच्या. मयत होवो, लगीन होवो, दुष्काळात सूत मिळो न मिळो, ते वीतभर फणीत राहणारच. ज्याची फणी मोकळी झाली ते घर विणकराचं राहिलं न्हाई, असंच मानायचे आमच्यात. सासू जाताना मला ना लेकाचं बोलली ना नातवाचं, म्हणाली सायरा, फणी मोकळी करू नको. मी म्हटलं न्हाई करत अम्मी.

सांधणीला दोघी लागतात. एकीनं जुना धागा काढून समोर धरायचा, दुसरीनं त्याला नवा पिळायचा. माझ्या समोर गोदा बसायची. गोदा साळ्याची, शेजारचं घर, आम्ही दोघी एकाच साली लगीन होऊन आलो, तिची हळद आन् माझी मेंदी बरोबरच उतरली असं म्हणायच्या बाया. ती काढून द्यायची, मी पिळायची. बोलणं काय, समदंच. नवऱ्याच्या तक्रारी, कुणाला दिवस गेले, कुणाच्या घरी आज कालवण काय. तिचं घर धाब्याचं, दगडमातीच्या रुंद भिंती, आन् आमचं म्हंजे कूड आन् वर पत्रे. मला चिडवायची, सायरे, एक वावटळ आली ना तर तुझं खोपट निलंग्याला जाऊन पडंल बग, तवा माझ्याकडंच यावं लागंल राहायला. मी म्हणायची येईन की, तुझ्या उरावर बसीन. अशी माझी गोदा. सख्खी बहीण न्हाई मला, आसती तरी अशी आसती का न्हाई कुणास ठाऊक.

मग तो भूकंप. तुम्ही वाचलं आसंल, आम्ही पाहिलं. आदल्या दिवशी आमच्या मागावरनं एक लुगडं उतरलं होतं, हिरवं, लाल काठाचं. दुपारपासून गोदा आन् मी सांधणीला बसलो. अर्धी झाली तवा उजेड कमी झाला, धागा दिसंना. गोदा म्हणाली, राहू दे गं आता, गणपतीची गडबड हाय, उरलेली सकाळी करू, कुठं पळून चाललीया का सांधणी. राख झटकली, लुगड्याला हात पुसले आन् गेली. हे तिचं शेवटचं बोलणं. पहाटे जमीन हादरली. सकाळी आमचं खोपट हाललं होतं पण उभं होतं, आन् गोदाचं ते रुंद भिंतीचं घर न्हवतंच, नुसता मातीचा ढीग. काय सांगू तुम्हाला. तिला काढलं, तिच्या नवऱ्याला काढलं. पोरगी तेवढी वाचली, सुमन, ती सणाला मामाकडं हदगावला गेलेली. गोदाच्या बोटाला राख होती का माती होती मला कळलं न्हाई, मी पुसत राहिली, आमच्या ह्यांनी मला धरून उठवलं.

नवऱ्याबरोबरच गेली, सवाष्णच म्हणायची, म्हून तिला ते हिरवं लुगडं नेसवलं. आमच्याच मागाचं, कालच उतरलेलं, त्याची घडी बी मोडलेली न्हवती. आन् पाऊस लागलेला. गावभर सरणं, ओलं लाकूड पेटंना. तवा आमचे हे, हनीफ त्यांचं नाव, ते घरात गेले आन् मागाचे खांब उपटायला लागले. मी म्हटलं काय करून राहिले, तर म्हणाले मागाचं लाकूड वाळकं हाय, बापजाद्यापासून तेल पिलेलं, पेटंल. आधी फणी उचलली, त्या अर्ध्या सांधलेल्या सुतासकट, चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिली. म्हणाले लाकूड कुणीबी सुतार करून देईल, सूत न्हाई तुटलं पाहिजे. मग आमचा माग गोदाच्या सरणावर गेला. पेटला बगा, लगेच पेटला. मी लांब उभी, मांडीवरचं गाठोडं आता छातीशी धरलेलं, तान्हं लेकरू धरावं तसं.

त्यापुढं पत्र्याच्या शेडात दिवस काढले, मग नवीन गाव मिळालं. घरं चांगली होती, नावं कशाला ठेवू, पक्की, सिमेंटची. पण एक घर हितं तर दुसरं पार तिकडं. चिठ्ठ्या टाकून घरं दिली, मागाची गल्ली चारी दिशांना फेकली गेली. पांजणीला गल्लीच न्हाई राहिली. आन् फरशी सिमेंटची, खड्डा न्हाई खंदायचा म्हणाले, घराला धक्का बसतो. खड्ड्याबिगर आमचा माग बसतो कुठं? हे म्हणाले बसंल, आज न्हाई उद्या, एखादी जागा बघू. मग ते तीच घरं बांधायला गवंड्याच्या हाताखाली गेले. विणणाऱ्या हातानं सिमेंट कालवलं. एकेक विणकर असाच गेला, कुणी सोलापूरला, कुणी कुठं, कुणी सांगून बी गेलं न्हाई.

पण दर साली पाऊस सरला की हे गाठोडं सोडायचे. फणी उन्हात ठेवायची, सुतावरनं हात फिरवायचा आन् मग ज्वारीची खळ करून कुंच्यानं लावायची. सूत जपायचं म्हंजे खळ लावायची, एवढंच ठाऊक आम्हाला. मी चुलीवर खळ शिजवून द्यायची, ते लावायचे, वाळवायचे, परत गुंडाळायचे. म्हणायचे, सांधणी उरलीय अर्धी, माग बसला की तू कर पुरी. मी म्हणायची समोर कोण बसंल? तर म्हणायचे कुणी बसंल.

मग लातूरला क्लासचं पेव फुटलं. आमचा युसूफ म्हणाला अम्मी, गावात काय ठेवलंय, लातूरला मेस टाकू. गावोगावची लेकरं इथं येऊन राहिली, डॉक्टर व्हायला, इंजिनियर व्हायला, त्यांना जेवण लागतंय. आलो. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली समदं हॉस्टेल. आता स्लॅबवर खड्डा कुठं खंदावा? हे आल्यावर फार दिवस जगले न्हाईत, जमीन सोडून वर राहायला त्यांचा जीव रमला न्हाई. गाठोडं मेसच्या माळ्यावर, पिठाच्या डब्यांच्या वर. आन् मी कणीक मळायला. ह्या बोटांनी एवढी कणीक मळली, एवढी भांडी घासली की आता बोटाला रेषाच न्हाईत, हे बगा. पण ते गेल्यावर बी खळ लावायचं मी सोडलं न्हाई. त्यांचं काम मी करून राहिली होती.

लेकरं चांगली हायत, वाईट न्हाई बोलत. पण जेवताना बी पुस्तकात डोकं, एकमेकाला काही विचारत न्हाईत. एका ताटाला ताट लावून बसतात आन् एकटीच जेवतात. मला आपली पांजण आठवती.

आन् औंदा सुमन आली. गोदाची सुमन. मामानं वाढवलं, हदगावातच दिली, आता तिचीच पोरगी क्लासला आणलीया. आमचा पत्ता काढून आली, म्हणाली मावशी, पोरीला तुमच्या हाती देऊन जाते, दुसऱ्याचा भरोसा न्हाई. मी बघतच राहिली. हनुवटी गोदाची, मान वाकडी करून बघणं गोदाचं. जेवण झालं, भांडी झाली, मग मी म्हटलं सुमन, तुझ्या आईचं एक काम राहिलंय माझ्याकडं, करशील? ती म्हणाली काय ओ मावशी? मी युसूफला गाठोडं काढायला लावलं.

समोरासमोर बसलो, मी आन् सुमन. मधात फणी. तिला आठवत होतं, म्हणाली आई अशी बसायची, मी मांडीवर झोपायची, धाग्याला हात लावला की चापट बसायची. इथं चूल न्हाई, राख कुठली, उदबत्तीची राख घेतली. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं आता होतंय. एवढी सालं थांबली, आता सासूला दिलेला शब्द राहतोय, गोदा न्हाई तर गोदाची लेक हाय, दोघी लागतात, दोघी हाव. म्हटलं काढ पहिला धागा. तिनं जुना धागा दोन बोटांत धरला, हलक्या हातानंच धरला, आन् तो तुटला. दुसरा धरला, तुटला. मी म्हटलं थांब, मला दे. मी धरला तर माझ्या हातात नुसता भुगा. सूत कुजलं होतं. खळ लावलेलं सूत विणायचं असतं बाई, ठेवायचं नसतं. विणलं की लुगडं होतंय, धुतलं जातंय, खळ निघून जाती. आम्ही लावत राहिलो आन् गुंडाळून ठेवत राहिलो. ओल धरली, बुरशी आली, किडं लागलं. जपून जपून आम्ही मारलं त्याला. ह्यांनी किती मायेनं लावली होती खळ, आन् मी बी.

सुमन रडायला लागली, म्हणाली मावशी माझा हात जड हाय, मी तोडलं. मी म्हटलं न्हाई गं, तुझा हात आईसारखाच हाय. मग जी अर्धी सांधलेली होती तिकडं हात नेला. तिकडंबी तेच. इकडनं तुटलं, तिकडनं तुटलं, धागे मांडीवर पडायला लागले. पण बगा, पीळ सुटला न्हाई. एक बी न्हाई सुटला. गोदानं धरून दिलेलं आन् म्या पिळलेलं, ती बोटाच्या पेराएवढी जागा तशीच घट्ट, आन् दोन्हीकडचं सूत गेलं. सुमननं त्यातले थोडे तुकडे पदराच्या गाठीत बांधून नेले. उरलेले इथं हायत, ह्या डबीत.

आता फणी मोकळी हाय. ती बगा भिंतीला, युसूफनं खिळा ठोकून दिला. पोरं विचारतात आजी हा कसला कंगवा, मी सांगते, ऐकतात, मग क्लासची वेळ होती. सासूला जाऊन काय सांगू, गोदाला काय सांगू? सुमनच्या पोरीला मात्र मी रोज समोर बसवून जेवू घालते, पुस्तक मिटायला लावते. ती मान वाकडी करून बघती तवा घास माझ्या हातात तसाच राहतोय.

चला, उठते, सांजची कणीक भिजवायची हाय. तुम्ही एवढं बसून ऐकलं, दुवा देते. अल्ला करो, तुम्ही काही हातात घेऊन बसाल तवा समोर धागा धरायला कुणीतरी बसलेलं असो. आन् ते म्हणालं की उरलेलं सकाळी करू, तर ऐकू नका बाई, दिवा लावा आन् तिथंच पुरं करा.