बेटावर माझ्या हातचं काय होतं

माझा जन्म वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतला. घराणं सुतारांचं, म्हणून लोक मला मेस्त्री म्हणतात, आणि कुवेतमध्येही अठ्ठावीस वर्षं तेच नाव चाललं. वडील लाकूडकाम करीत आणि पावसाळ्याआधी गावातल्या पडव्यांवर, खोपींवर झाप चढवीत. झाप म्हणजे नारळाची झावळी मधोमध चिरून, तिची पाती एकमेकांत विणून केलेलं छपराचं पांघरूण. ते एक पाऊस टिकतं, फार तर दोन, मग कुजतं, त्याचं खत होतं आणि माणसाला पुन्हा विणायला बसावं लागतं. मी दहाव्या वर्षी शिकलो. त्यात अभिमानाचं काही नाही, आमच्याकडे ते सगळ्यांनाच येत असे.

इथे आलो तो शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणारा, सुतार म्हणून. मीना अल-अहमदीच्या बाजूला काम केलं, सबाह अल-सालेममध्ये कित्येक घरांचे दरवाजे बसवले. राहतो महबूल्यात, एका खोलीत सहा जण, सगळे आपल्याच बाजूचे, बायकामुलं गावी. साठी उलटलेल्या कारागिराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाची मर्जी असेल तरच पुढे वाढतो. तुम्ही लिहून घेताय म्हणून हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मला एका बेटावर कामाला लावलं. बोटीने तासाभराचा रस्ता. एका धनिकाने तिथे सुटीचं ठिकाण काढलं होतं, तेव्हापासून माझे मालक तेच. हे गृहस्थ कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावर राहून आले होते, तिथल्या झावळ्यांच्या झोपड्या त्यांना आवडल्या, आणि तशाच इथे हव्या होत्या. जाहिरात अशी की कॅरिबियनला जायला विमान लागतं, विमानाने हवा बिघडते, तेव्हा पृथ्वी वाचवा आणि आमच्याकडे बोटीने या. प्लॅस्टिकची बाटलीसुद्धा आणू नका. विचार वाईट नव्हता. मला तो पटला होता, हेही लिहा.

पण नारळ या भूमीत जगत नाही. मी सुचवलं, खजुरीच्या फांद्या वापरा, पूर्वी इथले मासेमार त्यांच्याच झोपड्या बांधत, मी महिन्यात सगळ्या उभ्या करून देतो. नमुना म्हणून एक भिंत बांधली, बारा फूट. मालक आले, त्यांनी ती पाहिली, मॅनेजरशी अरबीत बोलले आणि गेले. मॅनेजर केदार, पुण्याचा, तिशीतला, हॉटेलचं शिक्षण घेतलेला. तो म्हणाला, काका, काम एक नंबर झालंय, पण सरांना हे गरिबाचं घर वाटतं, गेस्टला कॅरिबियन फील पाहिजे. पंधरा दिवसांत पेट्या आल्या. आत हिरव्या प्लॅस्टिकचे झाप, चीनमध्ये बनलेले. ते मीच ठोकले. त्या वेळी बोलायला हवं होतं. बोललो नाही. माझी भिंत त्यांनी मागच्या बाजूला नेली आणि पाहुण्यांना डिझेलचा जनरेटर दिसू नये म्हणून त्याच्यापुढे उभी केली.

मग काय सांगू तुम्हाला, माझंच प्रदर्शन सुरू झालं. दर शुक्रवारी मला फुलाफुलांचा सदरा घालून वाळूत बसवत. झावळ्या केरळहून येत, विमानाने, भाजीच्या खोक्यांबरोबर. पाहुण्यांचं विमान वाचलं आणि झावळ्या विमानात बसल्या. मी एक झाप विणायचो, लोक फोटो काढत, आणि केदार वर बोट दाखवून इंग्रजीत सांगायचा की ही सगळी छपरं याच अंकलनी विणली, शंभर टक्के नैसर्गिक. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी मान खाली घालून विणत असे. उन्हाळ्यात वारा सुटला की त्या छपरांच्या पट्ट्या फाटून समुद्रात जात. बेटावर मुक्काम असला की पहाटे उठून मी हाताला लागतील तेवढ्या गोळा करी. एकदा गोणी भरली तेव्हा केदारपुढे ठेवली. तो म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ, समुद्र मोठा आहे.

महिन्यापूर्वी एक डॉक्टरबाई आल्या. रत्नागिरीकडच्या, इथल्याच एका इस्पितळात नोकरी, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. त्या माझ्या शेजारी वाळूत बसल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही सिंधुदुर्गातले ना, आमच्या आजोबांकडे झाप विणायला तुमच्याच बाजूचा गडी यायचा, त्याचे हात असेच चालायचे. बऱ्याच दिवसांनी कोणी माझ्या कामाकडे काम म्हणून पाहिलं. मग त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, पण हे पिकले कसे नाहीत हो? महिन्याभरात तपकिरी पडतात ना?

केदार पलीकडून म्हणाला, मॅम, त्याला स्पेशल नॅचरल कोटिंग आहे. काका सांगतील. हो ना काका?

इतके दिवस खोटं केदार बोलत होता, तेही परक्या भाषेत, आणि मी केवळ गप्प होतो. आता ते माझ्या तोंडून, माझ्या भाषेत, झाप ओळखणाऱ्या माणसाला सांगायचं होतं. मी उठलो. म्हटलं, डॉक्टर, माझ्या हातचं पाहायचं असेल तर माझ्याबरोबर चला.

मी त्यांना मागे नेलं. जनरेटर चालू होता, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. म्हटलं, ही एवढी भिंत माझी, बाकी सगळं प्लॅस्टिक आहे आणि पेटीतून आलेलं आहे. बाईंनी भिंतीला हात लावला. बोटांना काजळी लागली. मुलगी नाक धरून म्हणाली, मम्मा, इट स्टिंक्स, कॅन वी गो? परतताना बाई हळू आवाजात म्हणाल्या, काका, नसतं सांगितलंत तरी चाललं असतं हो, आम्हाला मेले दोन दिवस सुटीचे मिळतात. केदारचा मला राग आला नाही तेवढा या वाक्याचा आला. विचारलं त्यांनी. उत्तर नको होतं तर विचारायचं कशाला?

संध्याकाळी केदारने खोलीत बोलावलं. म्हणाला, काका, वयाचा मान ठेवून बोलतोय. इकाम्याचे कागद सरांच्या टेबलावर आहेत. मॅमना एक फोन करा, गंमत केली म्हणून सांगा, मी सह्या करून घेतो. मी म्हटलं, मी गंमत करत नाही, एवढं तरी तुला दोन वर्षांत कळायला हवं होतं. कागदांवर सह्या झाल्या नाहीत.

महबूल्याला खोलीवर परतलो तर आमचा दत्ता, वेल्डर आहे, तो म्हणाला, मेस्त्रीकाका, एक फोन केलात तर तुमचा काय जाता? सगळी दुनिया खोटा बोलता. मी विचारलं, तुझा जोड कच्चा राहिला तर पक्का म्हणून सांगशील? तो म्हणाला, ता येगळा. भात मात्र त्याने मला त्या दिवशी जास्त वाढला.

काल केदारचा फोन आला. माझ्या जागी नेपाळच्या डोंगरातला एक माणूस ठेवला आहे, त्याने नारळाचं झाड पाहिलेलं नाही, पाती त्याच्या हातात फाटतात. म्हणाला, काका, दोन दिवस येऊन त्याला शिकवा, अजून वेळ गेलेली नाही, सरांशी मी बोलतो. मी म्हटलं, येतो. विणायला शिकवतो. पाहुण्याने छपराबद्दल विचारलं तर काय सांगायचं, तेही मीच शिकवणार. केदार म्हणाला, काका, तुम्ही सुधारणार नाही. आणि फोन ठेवला.

गुरुवारी माझं गावी परतायचं विमान आहे. शुक्रवारी तो नेपाळचा गृहस्थ माझा सदरा घालून वाळूत बसेल. त्याचीही मुलंबाळं असतील. त्याला कोणी काही न विचारो.