चढावरचा आवाज

राव, परवाची गोष्ट डोक्यातून जातच नाही. चाकणच्या आमच्या गॅरेजवर एक निवृत्त काका आले. म्हणाले, "चढाला इंजिन ठोकतंय. ऑक्टेन बूस्टर टाक."

मी बूस्टरची बाटली पेट्रोलच्या टाकीत ओतली आणि ट्रायलला शेजारी बसलो. चढावर त्यांनी विचारलं, "थांबला ना आवाज?"

"तुम्हाला ऐकू येत नाही?" मी मोठ्यानं विचारलं.

"कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकायच्या मशीनवर, कान गेले रे. गाडीचा आवाज बायकोच सांगायची. दवाखान्यात नेतानाही म्हणाली, इंजिन ठोकतंय, दाखवून घ्या. ती परत आली नाही."

इंजिन तसंच ठोकत होतं. खोटं बोलणं मला जमेना. "नाही थांबला, काका."

काका हळूच म्हणाले, "बरं झालं, बाळा. तिनं सांगितलेलं हे एकच काम उरलंय. ते इतक्यात संपायला नको."