आठवत नाही म्हणालो

मुलगी : मग ऑफिसातल्या काकू खोटं बोलतात का? माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तुम्हाला सरांच्या केबिनमधून बाहेर पडताना पाहिलंय त्यांनी.

बाबा : काच द्यायला गेलो होतो. युनिव्हर्सिटीत प्रयोगांची काचेची उपकरणं घडवतो मी, जावंच लागतं.

मुलगी : काच लॅबमध्ये देतात. दार लावून अर्धा तास केबिनमध्ये नाही.

बाबा : चहा गार होतोय तुझा.

मुलगी : होऊ दे. सरांच्या हाताखाली पीएचडीच्या दोन जागा, एकशे चाळीस अर्ज, आणि आज यादीत माझं नाव पहिलं. सगळे म्हणताहेत, बापाने वशिला लावला. आता मलाही तेच वाटायला लागलंय.

बाबा : वशिला? अगं, तुला घेऊ नका म्हणून सांगायला गेलो होतो.

मुलगी : काय?

बाबा : हसले ते. म्हणाले, उलट बरंच आहे, घरचीच मुलगी, पळून कुठे जाणार?

मुलगी : असं म्हणाले? की आत्ता रचताय?

बाबा : रचायला मला येतं का काही? हे बघ, काम संपलं की विद्यार्थी आपली काच माझ्याकडे जमा करायला येतो. घटकाभर बसतो, नोकरी कुठे लागली ते सांगतो. तेवीस वर्षं बघतोय. सरांच्या लॅबची काच मात्र शिपाई आणून टाकतो. पाच वेळा झालं असं.

मुलगी : पाचही जण अर्धवट सोडून गेले?

बाबा : शेवटची मुलगी तर सहा वर्षं राबली. तिचा प्रयोग सरांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापला. विचारायला गेली तर म्हणाले, अजून दोन वर्षं काम कर, मग बघू.

मुलगी : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

बाबा : तिनंच. माझ्या बर्नरपाशी उभी राहून, मागच्या वर्षी.

मुलगी : मागच्या वर्षी! आणि मी अर्ज भरला सहा महिन्यांपूर्वी. याच टेबलावर बसून. तुम्ही फोटो चिकटवून दिलात बाबा.

बाबा : वाटलं, एवढ्या गर्दीत तुझा नंबर कुठला लागतोय.

मुलगी : वा! छान.

बाबा : चुकलं माझं.

मुलगी : थांबा. ती तुमच्याकडेच का आली? रडायला मैत्रिणी नव्हत्या तिला?

बाबा : तिनं तक्रार केली होती. ते उपकरण तिनं आखलं, मी घडवलं. साक्षीला माझं नाव दिलं होतं.

मुलगी : मग?

बाबा : चौकशीला बोलावलं मला. सर समोरच बसले होते.

मुलगी : काय सांगितलंत?

बाबा : आठवत नाही म्हणालो.

मुलगी : आणि आठवत होतं?

बाबा : त्या उपकरणाचं तिच्या हातचं चित्र अजून माझ्या खणात आहे.

(मुलगी टेबलावरचा फोन बाबांपुढे सरकवते.)

मुलगी : तिचा नंबर आहे?

बाबा : आहे. पण तू ती जागा घेणार नाहीस ना?

मुलगी : ते उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. आधी तिला फोन लावा.

बाबा : तूच बोल. माझा आवाज ऐकला की ठेवून देईल ती.

मुलगी : ठेवू दे. पुन्हा लावा.